पाणी सुधारलं

दोघा भावांच्या घरांमागे मिळून एकच परसू होतं, जेमतेम दोन खाटा मावतील एवढं. तिथे थोरल्याने संडासाचा खड्डा खणला होता आणि त्याला खेटूनच धाकट्याचा हातपंप होता. धाकट्याच्या तान्हीचे जुलाब थांबेनात, तेव्हा नर्सबाईंनी पंपाचं पाणी तपासायला पाठवलं. खड्ड्यातली घाण जमिनीतून पाझरून पंपात उतरत होती.

"दादा, खड्डा बुजव," धाकटा म्हणाला.

"आणि घरातल्या बायकांनी कुठे जायचं? तूच पंप हलव."

"हलवतो. जागा दाखव."

थोरला पाठ फिरवून घरात गेला. दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं, आणि पाणी मात्र त्याच पंपाचं चालू राहिलं. तान्ही गेली. तिला पुरून आल्यावर थोरल्याने अंगावरचे कपडेही बदलले नाहीत. कुदळ घेऊन त्याने संडासाचा आडोसा पाडला आणि खड्डा मातीने भरून टाकला.

पुढच्या वर्षी पाणी पुन्हा तपासलं, ते चांगलं निघालं. पंपावरून तांब्या भरून धाकटा तसाच थोरल्याच्या घरात गेला. वयात आलेली पुतणी चुलीपाशी बसली होती.

"घे, पी पोटभर. आता काही भीती नाही."

तिने तांब्या घेतला आणि न पिताच बाजूला ठेवला.

"सकाळी पिईन, काका. दुपारनंतर मी पाणी पीत नाही. नाहीतर अंधारात रेल्वेच्या रुळांपलीकडे जावं लागतं."