ऊर्साबाईंची बाजू

हवालदार ओसरीवर टेकतो न टेकतो तोच शेजारच्या हरणाबाईनं पदर खोचला.

“लिहा साहेब. ऊर्साबाई आमची हाय. तिला कुठं बी पाठवायचं न्हाय.”

व्हिसाची मुदत वाढवून मागितली होती, म्हणून हवालदार कोंडीराम तामलवाडीत चौकशीला आला होता. दोघा शेजाऱ्यांचे जबाब नीट गेले तर ठीक, नाहीतर महिनाअखेर जर्मनीचं विमान. आत लक्ष्मम्मा अंथरुणाला खिळलेली. अशा वेळी तिच्या घरातलं माणूस देशाबाहेर काढायचं, हे गावाला सहन होणारं नव्हतं.

उर्सुला ही लक्ष्मम्माची गोरीपान, निळ्या डोळ्यांची सून. नवरा शंभुलिंग जर्मनीत इंजिनियर. ही मात्र वीस वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांकडे बघायला म्हणून आली आणि इथलीच झाली. शेंगाची चटणी कुटते, सासूची कानडीत समजूत काढते आणि दूधवाल्याशी मराठीत भांडते. शंभुलिंग गेल्या वर्षी निवृत्त होऊन परतला. ‘आता तुला सोडून जाणार नाही,’ असा शब्द त्यानं आईला दिला होता. आज खांबाला टेकून बसलेल्या त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बघून कुणालाही दया यावी.

आतून लक्ष्मम्माची हाक आली. “शंभू, इद्दीया?” आहेस ना रे? सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

“इथंच आहे, अव्वा,” शंभुलिंग म्हणाला. मग हवालदाराकडे वळला. “साहेब, मी जरा सांगतो...”

“तुमी गप बसा, मालक,” शेजारच्या गोरोबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “घरच्या माणसाचं कोण खरं धरतंय? बाईंची बाजू आमी मांडतो.”

गोरोबाला एकदा बोलायला मिळालं की आवरणं कठीण. बाईंनी कुणाच्या बाळंतपणात रात्र जागवली, कुणाच्या पोरीला शाळेत घातलं, सगळं त्यानं सांगितलं. हवालदार मान डोलवत होता, पण लिहीत काहीच नव्हता.

“आणि शंभुलिंग?” त्यानं विचारलं. “ते कायम इथंच राहतील, असं वाटतं तुमाला?”

“ह्यांचं काय विचारता!” गोरोबा हसला. “पाव्हण्यावानी यायचे, चार दिस राहून जायचे. उद्या बी बॅग भरतील. इथलं ऊन सोसतंय व्हय ह्यांना? म्हणून म्हणतो, बाईंना हलवू नका.”

आता हवालदाराचं पेन चालू लागलं. त्यामुळं हरणाबाईला आणखी हुरूप आला.

“बापाच्या मातीला बी आले न्हायीत,” ती म्हणाली. “सगळं बाईनंच केलं.”

शंभुलिंगनं मान खाली घातली. हरणाबाईला वाईट वाटलं. भला माणूस, कधी कुणाला उलटून बोलला नाही. पण ऊर्साबाईसाठी एवढं बोलणं भाग होतं.

गोरोबानं सही केली, हरणाबाईनं अंगठा उठवला. उर्सुला चहा घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याचा चेहरा बघून दारातच थांबली.

“मग साहेब,” गोरोबानं छाती काढून विचारलं, “आमच्या बाई राहतील न्हवं?”

“त्यांना कोण काढतंय?” हवालदार म्हणाला. “त्या कधीच्याच भारतीय झाल्यात. जर्मन पासपोर्ट शंभुलिंगांचा हाय, आणि मुदत त्यांचीच संपतीय.”