गिअरचीच पायजे

“गिअरचीच पायजे!” भोजराज लाल गाडीसमोर पाय रोवून उभे राहिले.

भंडाऱ्याला हायवेवरच्या त्या जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन स्पोर्ट्स कार शेजारीशेजारी उभ्या होत्या. दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही बुटक्या, म्हैस खाली बसावी तशा जमिनीला टेकलेल्या. लाल होती ती गिअरची, पांढरी होती ती ऑटोमॅटिक. लाखांदूरच्या राइस मिलचा मालक साठी उलटल्यावर असली गाडी घेतो काय, यावर घरात महिनाभर महाभारत होऊन गेलं होतं. त्यात भोजराज जिंकले होते. आता भांडण एवढंच उरलं होतं, की लाल की पांढरी.

“बाबा, आपला हात पाहा,” मुलगा कुलदीप म्हणाला.

हात पाहण्यासारखा होताच. धान कापणीच्या वेळी बांधावरून पडले तेव्हापासून डावा हात कोपरात आखडला, तो पोटाशी चिकटूनच बसला. चहाचा कपही त्याला झेपत नसे. आणि गिअर तर मेला डाव्याच बाजूला!

“पांढरी घ्या न, काकाजी,” दुकानातला भूपेंद्र मधाळ आवाजात म्हणाला. “नुसतं बसायचं. गिअर गाडीच बदलते, आपल्या मनानं.”

“गाडीच सगळं करते, तं मी कायले बसू? भजन कराले?” भोजराज उसळले. “शंकरपटाच्या शर्यतीत बैल सोडतेत, तं कासरा दुसऱ्याच्या हाती देतेत का रे?”

कुलदीपनं हात जोडले. “ठीक आहे. हे लाल चालवून दाखवा. जमलं तं लाल, नाही तं पांढरी. मंग बोलायचं नाही.”

ट्रॅक्टर, जीप, मेटाडोर, जे हाती आलं ते भोजराजनी हाकलं होतं. आज गिअर सुटला, की आपण म्हातारे झालो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. शकुनबाईंनी लाखांदूर सोडल्यापासून तोंडातून ब्र काढला नव्हता. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या दुकानाचा चहा पीत होत्या.

त्यांनी कप खाली ठेवला, पदर खोचला आणि लाल गाडीचं डावं दार उघडून त्या सरळ आत जाऊन बसल्या.

“या,” त्या म्हणाल्या. “पाय तं धड हायेत ना? तुमी पायाचं पाहा, हाताचं मी पायते.”

कुलदीप मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून कसाबसा बसला. भोजराजनी गाडी सुरू केली. त्याबरोबर शकुनबाईंनी मोठ्या उत्साहानं गिअरचा दांडा पुढं रेटला, आणि गाडी अशी करकरली, की दारात उभ्या भूपेंद्रनं डोळेच मिटले.

“अवो, मी क्लच दाबल्यावर!”

“मंग दाबला म्हणून सांगा ना! मले का तुमचा पाय दिसते?”

दुसऱ्या खेपेला गाडीनं वासरासारख्या दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. मागं कुलदीपचं डोकं छताला लागलं. “आई गं!” तो ओरडला, पण आईला तेव्हा सवड नव्हती.

“दाबला!”

“टाकला!”

गाडी निघाली. सर्व्हिस रोडवर दुसरा पडला, तिसरा पडला. पुढं धानाची पोती भरलेली ट्रॉली आली, तर परत दुसराही बिनबोभाट पडला. परत फिरल्यावर तर ‘दाबला’ म्हणायचीही गरज राहिली नाही. इंजिनाचा आवाज चढला की इकडं पाय, तिकडं हात. रोवणीच्या दिवसांत भोजराज ट्रॅक्टर चालवत आणि शकुनबाई शेजारी मडगार्डवर बसून जात, तेव्हाचा त्यांचा कान अजून शाबूत होता. इतकं एकमत या जोडप्याचं पोरांच्या लग्नातही झालं नव्हतं.

“पायलं?” दुकानासमोर गाडी उभी करून भोजराज गरजले.

कुलदीप मागून सरपटत बाहेर निघाला. “पायलं, बाबा. मानलं तुमाले. पण एक सांगा, एकट्याले कुठं जायचं असन तं?”

हे काही भोजराजच्या ध्यानात आलंच नव्हतं. पानठेल्यावर जायचं तरी ही सोबत? मित्रांत बसायचं तरी ही सोबत? त्यांची नजर हळूच पलीकडं गेली.

“तसं म्हटलं तं,” त्यांनी खाकरून घसा साफ केला, “पांढरी बी काही वाईट नाही हो.”

शकुनबाई अजून गाडीतच होत्या. हात दांड्यावरून काढलेला नव्हता.

“भाऊ, लालच द्या,” त्यांनी भूपेंद्रला सांगितलं. “सानगडीचा पट पायले हे एकटे. सिहोऱ्याच्या मंडईच्या जत्रेले एकटे. नागपूरले पोरीच्या घरी गेले, तं तेही एकटे, म्हणे आत्ता जातो न आत्ता येतो. जीपमंदी माह्यासाठी जागा कधी निघालीच नाही. झाकून ठेवलेला भात गरम करता करता माही उमर गेली.”

इंजिन सुरूच होतं.

“तू कागदाचं पाय, कुलदीप. तवरिक आमी वैनगंगेच्या पुलावर जाऊन येतो,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. “दाबा.”

भोजराजनी मुकाट्यानं क्लच दाबला.