तुणाची दुगुन

स्पीकरमधला ठेका थांबला आणि केतकीचा सारंगीवरचा गज अडखळला. या बैठकीला तबलजी नव्हता. घाटातल्या शेवटच्या तुणाच्या झाडाच्या खोडातून रस चढायचा, त्याची धडधड सेन्सरमधून इथे यायची आणि केतकी आणि तंबोऱ्यावरचे हाफीजभाई तिच्यावर वाजवायचे. वाद्यांच्या लाकडासाठीच तुटत तुटत संपत आलेली झाडं होती ती.

"झाड गेलं, ताई," हाफीजभाई म्हणाले. "तारा उतरवू या."

लोक उठू लागले.

"बसा हो, खाली चाललीय!" केतकीने तळवा उलटा केला. तालातल्या खालीच्या मात्रेला टाळी नसते, पण ताल संपलेला नसतो. श्रोतेही तळवे उलटे करून मात्रा मोजू लागले.

तेवढ्यात स्पीकर टकटकला. बारीक, घाईघाईने.

"हा ठेका तर दुगुनीत पळतोय, दुप्पट लयीत!" हाफीजभाई दचकले.

त्या झाडाच्या बियांपासून लावलेल्या रोपांनाही सेन्सर होते. आजवर एकही रोप बोललं नव्हतं.

केतकीने शेजारी दुपट्यात झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. "पोटात होती तेव्हा हिचंही काळीज असंच पळायचं. बाळ आहे ते, भाई. आता आपणच जरा पाय उचलू या."

आणि गज समेवर उतरला.