यंदाचे पेढे

भिंतीवरच्या पडद्यावर, चंद्रावरच्या मैदानात सूर मारलेली पोरगी खाली टेकेपर्यंत ऋतुजाचा चहा पिऊन झाला. तिच्या कॉलेजचा खो-खोचा संघ यंदा चांद्र गटात गेला होता, आणि नदीपलीकडच्या कॉलेजशी दरवर्षी होणारा सामना कायमचा बंद झाला होता.

त्या सामन्यापायी पलीकडची सायली आणि ती चाळीस वर्षं भांडत आल्या होत्या. जिचं कॉलेज हरेल तिनं पूल ओलांडून कंदी पेढे न्यायचे आणि चहासोबत टोमणे गिळायचे, असा रिवाज. एरवी एकमेकींच्या दारात पाऊल म्हणून नाही. आता तेवढंही निमित्त उरलं नव्हतं.

ऋतुजानं भिंतीवरचा सामना मध्येच बंद केला आणि चपला घातल्या.

दार उघडून सायली तिच्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघतच राहिली. "हे गं कशाचे?"

"हरलो आम्ही."

"अगं, सामना झालाच कुठं?"

"झाला असता तर हरलोच असतो."

सायलीनं पुडा सोडला. मग तिनं एक पेढा तोंडात टाकला. "डावानं हरलात ना?"

"डावानं? हट्! एका गुणानं!" म्हणत ऋतुजा तावातावानं आत शिरली.