लोटलेलं दार
बाळ तिच्याजवळ घटकाभरही झोपत नसे. सासऱ्यांकडे दिलं, की मात्र बघता बघता गाढ. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सासऱ्यांची जीभ जड झाली होती. हवं-नको ते खुणेनेच सांगत. संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागली, की ते बाळाला खोलीत नेत, टीव्हीचा आवाज वाढवत आणि दार लोटून घेत. दार कशाला लोटायचं? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांच्या उशाशी झोपेच्या गोळ्या असत. झोपलेल्या बाळाचं तोंड तिने हुंगूनसुद्धा पाहिलं. नवऱ्याजवळ विषय काढला, तर तो उखडला, "बाबांवर संशय घेतेस? शोभतं का तुला?" आज ती भाजी परतत असताना बाळाचं रडणं एकदम थांबलं. तिने गॅस बंद केला आणि तशीच जाऊन दार ढकललं. सासऱ्यांच्या हातात गोळी नव्हती, काहीच नव्हतं. मांडीवरच्या बाळाच्या कानाशी वाकून ते बोलत होते. "को… कोल्हा म्ह… म्हणाला…" कुणी ऐकू नये म्हणून एवढा मोठा टीव्ही! तिला पाहताच ते ओशाळून गप्प झाले. बाळ चुळबुळलं. ती खालीच बसली. "बाबा, मीही कित्येक रात्री झोपले नाहीये. मलाही सांगा ना, काय म्हणाला कोल्हा?" सासऱ्यांनी मांडीवरचं बाळ सावरून घेतलं. मग एकेक शब्द जुळवत त्यांनी पुन्हा सुरुवात केली. कोल्हा काय म्हणाला, ते तिला कळलंच नाही. पलंगाला डोकं टेकून ती केव्हाच झोपली होती.