फुकटची फवारणी

रद्दी कागदाच्या लगद्यातून घडवलेल्या विटांची ती वसाहत बिल्डरला रिकामी हवी होती, आणि आज त्याचाच माणूस पाठीवर पंप घेऊन, वाळवीचं औषध फुकट फवारायला दारात उभा होता. द्वारकाबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. असली घरं हल्ली पाडत नाहीत, कसलंसं पाणी मारून विरघळवतात आणि लगदा पुन्हा वापरतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

“मावशी, गल्लीत तुमच्यापासूनच सुरुवात करतोय,” तो म्हणाला.

“मग आधी हिच्यावर मार.” त्यांनी दाराशीच ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीखालची तसलीच वीट ओढून त्याच्यापुढे टाकली.

तो खुशाल हसला आणि वीट चिंब केली. ते हसणंही त्यांना खोटंच वाटलं. बराच वेळ काही झालं नाही. मग वीट कडेने फुगली, खचली, आणि पायरीवर नुसता राखाडी चिखल उरला.

“आता बोल की, चोरा!” द्वारकाबाई कडाडल्या.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मावशी, आमचंही घर याच विटांचं आहे,” तो कसाबसा म्हणाला. “फुकट मिळतंय म्हणून इथे यायच्या आधी तिथेच मारून आलो. बाळ आत झोपलंय.”