रविवारचा डोंगर

“काका, हात! हात हलवा!” कोचबाई तळ्याच्या काठावरून तिसऱ्यांदा ओरडल्या.

काकांनी हात हलवला. उजवा पाय पुढे आणि उजवाच हात पुढे. दोन्ही काठ्या एकमेकींत अडकल्या आणि ते पडता पडता वाचले. मागून आलेली चार मंडळी हसू दाबत बाजूने निघाली. काकांनी अदबीने त्यांना वाट करून दिली. सवयीने तोंडातून निघूनही गेलं, “सांभाळून हं, गरम आहे.”

काकांनी एकाच हॉटेलात चाळीस वर्षं वेटरचं काम केलं होतं. खांदे ताठ, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, पावलं छोटी, कमरेच्या वर जराही हालचाल नाही. काठोकाठ भरलेली सूपची वाटी घेऊन ते गर्दीतून जायचे आणि थेंब सांडायचा नाही. हे नॉर्डिक वॉकिंग नेमकं त्याच्या उलट निघालं. दोन हातांत दोन काठ्या, मनगटाला पट्ट्याने बांधलेल्या. डावा पाय पुढे टाकला की उजवा हात पुढे न्यायचा, मग काठीने जमीन मागे रेटायची आणि हात पार कमरेच्या मागे जाऊ द्यायचा. हात मागे गेला तर सूप कुठे जाईल, ही काळजी काकांच्या खांद्यांना अजून होतीच.

तळ्याची फेरी जो एका तासात पुरी करेल, त्यालाच येत्या रविवारी डोंगरावर नेणार, असा कोचबाईंचा नियम होता. वर मुक्कामाची सोय नव्हती, उजेड आहे तोवर उतरावं लागे. काकांची बायको पहिल्याच झटक्यात पास झाली. काका दोनदा नापास. आज शेवटची संधी होती.

“तुम्ही नाही, तर मीही नाही,” बायकोने सकाळीच सांगून टाकलं होतं.

तो डोंगर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून भांडी घासताना ती त्याच्याकडे बघत आली होती. “एकदा वर जाऊ या ना,” ती म्हणायची. काका म्हणायचे, “रविवारी जमणार नाही.” त्यात खोटं काही नव्हतं. लोकांच्या फिरण्याचे दिवस म्हणजे वेटरच्या राबण्याचे दिवस. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. तिचं ते न विचारणं काकांना जास्त लागलं होतं.

निवृत्त झाल्यावरही मालक सोडत नव्हते. अडचण आली की त्यांचा फोन यायचा आणि काका पांढरा शर्ट चढवून निघायचे. कालही फोन आला होता. रविवारी पन्नास माणसांची पार्टी होती. “उद्या सांगतो,” काका म्हणाले होते आणि बायकोपाशी अवाक्षर काढलं नव्हतं. आज फेरी चुकलीच, तर हॉटेलात तरी आपण कुणाला हवे आहोत, एवढाच त्यांना दिलासा होता.

सोळा मिनिटं झाली. पाव फेरीसुद्धा झाली नव्हती. शेजारून चालणारी बायको थांबली. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“अहो, तो ट्रे खाली ठेवा आधी.”

“कुठला ट्रे?”

“इतकी वर्षं हातात घेऊन घरी येताय ना, तो.”

काकांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. काठी धरलेली असूनही तळवा अर्धा आभाळाकडे वळलेला होता. त्यांना आधी हसू आलं, मग एकदम भरून आलं. वाटेच्या कडेला एक बाक होता. काका त्याच्याजवळ गेले, गुडघ्यात किंचित वाकले आणि तो न दिसणारा ट्रे त्यांनी बाकावर ठेवला. बरोबर मध्यभागी, एक कपही न वाजवता. सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचे खांदे चांगले दोन बोटं खाली आले होते.

मग त्यांनी पाऊल टाकलं. डावा पाय, उजवा हात. उजवा पाय, डावा हात. काठीने जमीन मागे लोटली आणि जमिनीने काकांना पुढे. हात पार मागे गेला, काही सांडलं नाही. छाती उघडली. तळ्यावरचा वारा आत शिरला. काका सुटलेच. पावलं लांब होत गेली. मघाशी हसलेली चौघं समोर दिसली तेव्हा काकांनी जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला केली नव्हती अशी आरोळी ठोकली, “बाजूला व्हा! बाजूला व्हा!”

“अठ्ठावन्न मिनिटं!” कोचबाई घड्याळ नाचवत ओरडल्या. “काका, अठ्ठावन्न!”

बायको धापा टाकत मागून पोचली. आज पहिल्यांदाच ती मागे पडली होती आणि त्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

तेवढ्यात काकांच्या छातीच्या खिशात फोन वाजला.

“काढ गं जरा,” काका म्हणाले. “माझे हात बांधलेत.”

तिने फोन काढला, नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने फोन मुकाट्याने त्यांच्या कानाला लावला. मालकांचा आवाज तिलाही लख्ख ऐकू येत होता.

“मग काय ठरलं? पन्नास माणसं आहेत हो. तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?”

काकांनी तळ्यापलीकडच्या डोंगराकडे पाहिलं, मग बायकोकडे. ऑर्डर घेताना काढायचे तोच मऊ, अदबशीर आवाज त्यांनी काढला.

“माफ करा मालक,” ते म्हणाले, “रविवारी जमणार नाही.”